मॉडेलमधला ऑक्सिजन आणि समुद्रातला ऑक्सिजन: दोघांचा ताळमेळ कसा लावायचा

हवामान मॉडेलमधला ऑक्सिजन आणि जहाजांवरून मोजलेला ऑक्सिजन मी पहिल्यांदा एकाच आलेखावर काढला, तेव्हा दोन रेघांमध्ये वरपासून खालपर्यंत अडीच टक्क्यांचं अंतर दिसलं. आठवडाभर मी त्याची कारणं शोधत होते: वारा चुकला असेल, पाण्याची सरमिसळ कमी पडली असेल, प्लवकांचं गणित बिघडलं असेल. शेवटी लक्षात आलं की मॉडेलचा आकडा घनमीटरमागे होता आणि मोजमापाचा किलोमागे. समुद्राचं लिटरभर पाणी किलोभर नसतं, १.०२५ किलो भरतं. बस्स, एवढंच.

हसण्यावारी नेण्यासारखी चूक वाटते खरी. पण १९६० नंतरच्या पन्नास वर्षांत जगभरच्या समुद्रांनी मिळून जो ऑक्सिजन गमावला, तो आहे दोन टक्क्यांच्या थोडा वर. म्हणजे जे शोधायला निघाले होते, त्याहून माझी चूकच मोठी होती. या विषयात असंच असतं. संकेत लहान, आणि त्याच मापाच्या चुका वाटेत जागोजागी.

हा लेख अशा वाचकासाठी आहे, ज्याला थोडं पायथन येतं, नेटसीडीएफ फाइल उघडता येते आणि ज्याने कुठेतरी वाचलंय की ‘मॉडेलं ऑक्सिजनची घट कमी दाखवतात’. ते आपल्या हाताने तपासून बघायचं असेल, तर वाट अशी आहे. उदाहरण मुख्यतः अरबी समुद्राचं घेते. जगातल्या सर्वांत जाड ऑक्सिजन-न्यूनतम पट्ट्यांपैकी (मधल्या खोलीवरच्या, ऑक्सिजन अगदी कमी असलेल्या पाण्याच्या थरांपैकी) एक तिथे आहे, आणि गोव्याच्या दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने तिथे दीर्घकाळ मोजमापं केली आहेत.

आधी प्रश्न नक्की करा

‘मॉडेल बरोबर आहे का?’ हा प्रश्न घेऊन बसलात तर महिनाभराने हाती पन्नास नकाशे असतील आणि उत्तर एकही नसेल. तीन वेगळे प्रश्न असतात. सरासरी चित्र जुळतं का, म्हणजे कमी ऑक्सिजनचं पाणी योग्य जागी, योग्य खोलीवर आहे का? ऋतुचक्र जुळतं का? आणि दशकांमागची घट जुळते का? तिन्हींसाठी विदा (डेटा) वेगळी, काळ वेगळा, गणितही वेगळं. एका प्रश्नात उत्तीर्ण झालेलं मॉडेल दुसऱ्यात सपशेल नापास होऊ शकतं.

इथेच एक गोष्ट डोक्यात पक्की बसवायला हवी. सीएमआयपी६ या जगभरच्या हवामान मॉडेलांच्या तुलना-प्रकल्पातली ‘हिस्टॉरिकल’ रन्स, म्हणजे १८५० ते २०१४ चे सिम्युलेशन, समुद्र आणि वातावरण दोन्ही मोकळे सोडून केलेली असतात. त्यांना हरितगृह वायू, धूलिकण, सौर ऊर्जा आणि ज्वालामुखींचे उद्रेक सांगितलेले असतात. हवामानाचा रोजचा इतिहास नाही. त्यामुळे १९९७-९८ चा एल निनो मॉडेलमध्ये त्याच वर्षी येईल असं समजू नका. तो येतो, पण आपल्या मर्जीने. १९९१ चा पिनातुबोचा उद्रेक मात्र त्याच वर्षी येतो, कारण तो बाहेरून दिलेला असतो. अशा उद्रेकानंतर समुद्र काही काळ थंडावतो आणि थोडा ऑक्सिजन आत घेतो, म्हणून तुमचा काळ १९९२-९३ च्या आसपास सुरू होत असेल किंवा संपत असेल तर कलाच्या (ट्रेंडच्या) रेघेवर त्याची सावली पडते. वर्षागणिक तुलनाच हवी असेल तर प्रत्यक्षातल्या वातावरणाने चालवलेली समुद्र-मॉडेलं, म्हणजे ओएमआयपी रन्स घ्या. हा फरक न पाहता केलेला ‘वर्षवार सहसंबंध’ मी परिषदेच्या भित्तिपत्रकांवरही पाहिला आहे.

मोजमापांची जात ओळखा

समुद्रातला ऑक्सिजन मोजायची मूळ रीत लुडविग विंकलरची, १८८८ सालची. पाण्याच्या बाटलीत रसायनं घालून ऑक्सिजन बांधून टाकायचा आणि मग टायट्रेशन करायचं. १९६५ मध्ये कार्पेंटर यांनी तिच्यात सुधारणा केल्या, आणि आजही इलेक्ट्रॉनिक संवेदक तपासायला तीच कसोटी वापरतात. सव्वाशेहून अधिक वर्षं टिकलेली रीत म्हणून तिचा आदर करावा, पण तिची कमजोरीही माहीत असावी. ऑक्सिजन जवळजवळ शून्य असेल तिथे नमुना काढताना हवेचा किंचित शिरकाव झाला तरी आकडा वर जातो. अरबी समुद्राच्या मध्यखोलीत विंकलरने दोन-तीन मायक्रोमोल दाखवले तरी तिथे ते असतीलच असं नाही. नॅनोमोलपर्यंत जाणारे स्टॉक्स संवेदक आले आणि ‘अगदी थोडा’ आणि ‘अजिबात नाही’ यांतला फरक नीट दिसू लागला.

वापरायला तयार असे तीन साठे आहेत. पहिला ‘वर्ल्ड ओशन ॲटलास’: एक अंशाच्या जाळीवरची दीर्घकालीन सरासरी. सरासरी चित्र आणि ऋतुचक्रासाठी हा पुरतो. घट शोधायला तो घेऊ नका, कारण त्यात दशकं एकत्र मळलेली असतात आणि मोकळ्या जागा शेजारच्या मोजमापांनी भरलेल्या असतात. घटीसाठी त्याच्या मागचा कच्चा साठा, ‘वर्ल्ड ओशन डेटाबेस’, उघडावा लागतो. दुसरा साठा ग्लोडॅप: मोजमापं त्यामानाने कमी, पण एका मोहिमेचे आकडे दुसरीशी ताडून बसवलेले. मी खोल समुद्रासाठी हाच घेते. तिसरा साठा बायोजिओकेमिकल आर्गो तरंगकांचा, म्हणजे समुद्रात आपोआप वर-खाली जात मोजमापं करणाऱ्या यंत्रांचा.

आर्गोबद्दल दोन शब्द जास्त, कारण इथे हमखास फसगत होते. तरंगकांवर ऑप्टोड नावाचा प्रकाशीय संवेदक असतो. तो समुद्रात जाण्याआधी गोदामात पडून असतानाच मंदावतो आणि खऱ्यापेक्षा कमी ऑक्सिजन दाखवू लागतो. जुनी विंकलरची मोजमापं आणि नवी, न सुधारलेली आर्गोची मोजमापं एकापुढे एक जोडली तर समुद्रात काहीही न घडता छान उतरती रेघ मिळते. म्हणून फक्त ‘ॲडजस्टेड’ स्तंभ आणि शक्यतो ‘डिलेड मोड’चीच, म्हणजे मागाहून तपासलेली प्रोफाइलं (वरपासून खालपर्यंतची मोजमापं) घ्या. तरंगक पृष्ठभागावर येतो तेव्हा हवेतला ऑक्सिजन मोजून त्याची दुरुस्ती करता येते. तशी दुरुस्ती झालेले तरंगक जास्त भरवशाचे. गुणवत्तेचे शेरे न वाचता विदा वापरणं म्हणजे निवडल्याशिवाय तांदूळ शिजवायला टाकणं.

मॉडेलची फाइल उघडल्यावर

मॉडेलांच्या फायली जिथून मिळतात त्या ईएसजीएफच्या साठ्यात ‘ओमॉन’ या मासिक समुद्री तक्त्यात ‘ओ२’ नावाचा चल असतो. त्याच्यासोबत तापमान, क्षारता, खणांचं (मॉडेलच्या जाळीतल्या चौकटींचं) क्षेत्रफळ आणि घनफळ, आणि मिळालं तर पाण्याचं ‘वय’, म्हणजे पृष्ठभाग सोडून त्याला किती काळ झाला, तेही उतरवून घ्या. पुढे लागतं. त्याच मॉडेलचं ‘पीआय-कंट्रोल’ रनही, म्हणजे हरितगृह वायू न बदलता चालवलेलं, घ्यायला विसरू नका.

मॉडेलं निवडताना नावं मोजू नका, घराणी मोजा. फ्रान्सच्या आयपीएसएल आणि सीएनआरएम या दोन मॉडेलांची वातावरणं वेगळी, पण दोघांच्या समुद्रात नेमो (प्रवाहांचं मॉडेल) आणि पिसेस (जीव-रसायनांचं मॉडेल) हीच जोडी आहे. दोघांचं एकमत झालं तर ती दोन स्वतंत्र मतं नाहीत. आपल्याकडचं बघायचं तर पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं आयआयटीएम-ईएसएम हे सीएमआयपी६ मध्ये सहभागी झालेलं भारतातलं पहिलं पृथ्वी-प्रणाली मॉडेल.

फाइल उघडल्यावर पहिली दहा मिनिटं फक्त एककांवर घालवा. ‘ओ२’ असतो मोल प्रति घनमीटर. त्याला हजाराने गुणलं की मिलिमोल प्रति घनमीटर, म्हणजेच मायक्रोमोल प्रति लिटर. त्याला १.०२५ ने भागलं की साधारण मायक्रोमोल प्रति किलो. नेमकेपणा हवा असेल तर तापमान-क्षारतेवरून खरी घनता काढून भागा. उदाहरणार्थ ०.२ चा आकडा २०० होतो आणि मग १९५. जुन्या भारतीय मोहिमांच्या अहवालांत मिलिलिटर प्रति लिटर भेटेल; त्याला ४४.६६ ने गुणा, म्हणजे ५ मिलिलिटरचे २२३ मायक्रोमोल प्रति लिटर. ‘वर्ल्ड ओशन ॲटलास’नेही २०१८ च्या आवृत्तीत मिलिलिटर सोडून मायक्रोमोल प्रति किलो धरलं, त्यामुळे जुनी-नवी आवृत्ती मिसळताना जपून. सीईएसएम२ या मॉडेलच्या काही फायलींत खोली सेंटिमीटरमध्ये असते. पाचशे मीटरची सरासरी काढली म्हणून खूश व्हावं आणि निघावी पाच मीटरची!

जाळीवर जाळी

समुद्र-मॉडेलांची जाळी नकाशावरच्या अक्षांश-रेखांशांसारखी सरळ नसते. उत्तर ध्रुवाची अडचण टाळायला ती वर वाकवलेली असते. नेमोच्या एक अंशाच्या जाळीत आपल्यासाठी खास गंमत आहे: तिची शिवण सुमारे ७३ अंश पूर्वेला येते, म्हणजे थेट कोकणाच्या किनाऱ्यालगत. रकान्यांच्या क्रमांकावरून अरबी समुद्र कापायला गेलात तर त्याचे दोन तुकडे फाइलच्या दोन टोकांना सापडतील, आणि शिवणीवरचे रकाने दुहेरी असल्यामुळे बेरजेत काही पाणी दोनदा मोजलं जाईल. म्हणून कापणी नेहमी खऱ्या अक्षांश-रेखांशांच्या चलावरून करावी.

दुसऱ्या जाळीवर नेताना सीडीओ किंवा पायथनमधलं एक्सईएसएमएफ वापरा. एकूण ऑक्सिजनचा साठा काढायचा असेल तर ‘कॉन्झर्व्हेटिव्ह’ पद्धत. तिच्यात बेरीज टिकते. त्याहून बरं म्हणजे साठा मॉडेलच्या मूळ जाळीवरच, त्याच्या खणांच्या घनफळाने गुणून काढावा आणि रिग्रिडिंग (जाळी बदलणं) फक्त नकाशांपुरतं ठेवावं. जमिनीच्या खणांना शून्य नाही, ‘रिक्त’ ठेवा. एक खण शून्य राहिला की किनाऱ्याला खोटा ऑक्सिजन-न्यूनतम पट्टा तयार होतो आणि अरबी समुद्रात तो खराच वाटतो.

उभ्या दिशेची चूक अधिक छुपी असते. ‘वर्ल्ड ओशन ॲटलास’मध्ये पृष्ठभागापासून १०० मीटरपर्यंत दर ५ मीटरला एक पातळी, तिथून ५०० मीटरपर्यंत दर २५ मीटरला. ० ते ५०० मीटरमध्ये एकूण ३७ पातळ्या, त्यांतल्या २१ पहिल्या शंभर मीटरमध्येच. साधी सरासरी घेतली तर पाचव्या हिश्शाच्या पाण्याला निम्म्याहून जास्त वजन मिळतं, आणि तेही ऑक्सिजनने भरलेल्या पाण्याला. प्रत्येक पातळीला तिच्या जाडीचं वजन द्या. मॉडेलच्या थरांनाही तसंच.

खोलीऐवजी घनतेच्या पृष्ठभागांवरही तुलना करून बघा, निदान एकदा. समुद्रातले थर वाऱ्याने आणि लाटांनी वरखाली होत असतात. एखाद्या ठिकाणी २०० मीटरवर ऑक्सिजन घटलेला दिसतो तो खरोखर घटलेला नसतो, फक्त खालचं पाणी वर उचललं गेलेलं असतं. समान घनतेच्या पृष्ठभागावर घट टिकली तर ती खरी मानायला जागा आहे.

मॉडेलचा स्वतःचा उतार वजा करा

खोल समुद्राला स्थिरावायला हजारो वर्षं लागतात, आणि तेवढं मॉडेल चालवून ठेवायला कुणाकडेच संगणकाचा वेळ नसतो. म्हणून १८५० ला रन सुरू होतं तेव्हाही खालचं पाणी हळूहळू सरकतच असतं. हा ड्रिफ्ट. पीआय-कंट्रोलमध्ये हरितगृह वायू बदलत नाहीत, तरी ऑक्सिजन बदलतो. तोच नुसता उतार. हिस्टॉरिकल रन कंट्रोलच्या कुठल्या वर्षापासून फुटलं ते फाइलच्या माहितीत लिहिलेलं असतं. त्याच काळातला कंट्रोलचा सरळ रेषेतला कल प्रत्येक खणात काढा आणि वजा करा. वरच्या तीनशे मीटरमध्ये याने फारसं बिघडत नाही. दोन हजार मीटरखाली मात्र ड्रिफ्ट आणि संकेत एकाच मापाचे असू शकतात, आणि जागतिक साठ्याच्या घटीचा मोठा वाटा खोल पाण्यात असल्यामुळे ही पायरी टाळून चालत नाही.

मॉडेललाही तेवढंच दिसू द्या

मला एकच पायरी सांगायची मुभा असती तर हीच सांगितली असती.

जहाजं समुद्रात सारखी पसरलेली नसतात. उत्तर अटलांटिकमध्ये दाटी, दक्षिण महासागरात शुकशुकाट. अरबी समुद्रात १९५९ ते १९६५ च्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेत भरपूर मोजमापं झाली, १९९४-९५ च्या जेगॉफ्स मोहिमेत पुन्हा झाली, मधली वर्षं विरळ. त्यातही ऐन पावसाळ्यात, खवळलेल्या समुद्रात जहाजं कमीच. अशा तुटक मोजमापांची तुलना मॉडेलच्या भरगच्च, दर महिन्याच्या, प्रत्येक खणाच्या सरासरीशी करणं अन्यायाचं आहे, आणि तो अन्याय कधी मॉडेलवर होतो, कधी मोजमापांवर.

करायचं ते सोपं आहे. मोजमापाच्या प्रत्येक प्रोफाइलचं ठिकाण, वर्ष, महिना आणि खोली घ्या. मॉडेलमधून तेवढेच बिंदू उचला, बाकी सगळं पुसून टाका. मग या फाटक्या मॉडेल-विदेला मोजमापांसारखंच वागवा: तीच गाळणी, तेच खण, रिकाम्या जागा भरायची तीच रीत, तोच कल. शेवटी बघा, फाटक्या विदेतून काढलेला कल मॉडेलच्या पूर्ण कलाच्या किती जवळ जातो. मॉडेलमध्ये खरं उत्तर तुम्हाला माहीत असतं, म्हणून ही परीक्षा मॉडेलची नव्हेच. ती तुमच्या मोजमापांच्या पद्धतीची.

या परीक्षेतून काय निघतं ते पाहण्यासारखं आहे. रिकामी जागा बहुधा दीर्घकालीन सरासरीकडे ओढून भरतात, म्हणजे ‘माहीत नाही’ तिथे ‘बदल नाही’ असं लिहिलं जातं. ताकामो इतो आणि सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये सीएमआयपी६ मॉडेलं जहाजांच्या नोंदींप्रमाणे विरळ करून, जागा साध्या ‘ऑप्टिमल इंटरपोलेशन’ने भरून पाहिल्या. पूर्ण कलाचा सुमारे दोन-तृतीयांशच भाग हाती लागला. हीच रीत खऱ्या मोजमापांना लावली तर पन्नास वर्षांत १.५ टक्के घट येत होती. मॉडेलांवरून मिळालेली दुरुस्ती धरली की ती १.७ ते ३.१ टक्क्यांच्या पट्ट्यात गेली. म्हणजे मॉडेलमुळे मोजमापाचा आकडा वर गेला! ‘मोजमाप म्हणजे सत्य, मॉडेल म्हणजे आरोपी’ ही मांडणी मी तेव्हापासून सोडली.

घटीचे दोन भाग करा

पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो. ३५ क्षारतेच्या पाण्यात ० अंशाला सुमारे ३५० मायक्रोमोल प्रति किलो मावतात, २५ अंशाला सुमारे २०६. हा झाला विद्राव्यतेचा भाग. उरलेला भाग प्रवाहांचा आणि जीवांचा: वरचं ताजं पाणी खाली किती पोचतं, आणि खाली बसणारा सेंद्रिय गाळ कुजताना किती ऑक्सिजन खातो.

वेगळे करायला गार्सिया आणि गॉर्डन यांचं १९९२ चं सूत्र वापरा. पायथनच्या जीएसडब्ल्यू पॅकेजमध्ये ते तयार मिळतं. तापमान आणि क्षारतेवरून ‘मावू शकेल इतका’ ऑक्सिजन काढा, त्यातून प्रत्यक्षातला वजा करा. उरतो तो एओयू, म्हणजे वापरला गेलेला भासणारा ऑक्सिजन. ‘भासणारा’ हा शब्द गळू देऊ नका, कारण यात गृहीत आहे की पाणी पृष्ठभाग सोडताना ऑक्सिजनने पूर्ण भरलेलं होतं. ध्रुवांजवळ हिवाळ्यात घाईने बुडणारं पाणी तसं नसतं.

मॉडेलच्या विद्राव्यतेसाठी मॉडेलचंच तापमान घ्या आणि मोजमापांसाठी मोजलेलं. दहा अंशांच्या आसपास एक अंशाची चूक सुमारे सहा मायक्रोमोलची पडते.

हे दोन तुकडे केले की मतभेद कुठे आहे ते स्वच्छ दिसतं. विद्राव्यतेच्या भागात मॉडेलं बऱ्यापैकी जमतात, कारण समुद्र किती तापला हे त्यांना ठीक साधतं. बिघाड दुसऱ्या तुकड्यात. श्मिटको, स्ट्रामा आणि विसबेक यांच्या २०१७ च्या हिशेबात पूर्ण समुद्राच्या घटीपैकी विद्राव्यतेचा वाटा फक्त १५ टक्क्यांच्या घरात. वरच्या हजार मीटरमध्ये मात्र निम्म्याहून जास्त. त्यांचा एकूण आकडा होता दर दशकाला ९६१ टेरामोल, अधिक-उणे ४२९. मॉडेलांची घट याच्या निम्म्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी येते. उष्णकटिबंधात मधल्या खोलीवर तर काही मॉडेलांत कलाची दिशाच उलटी असते. मोजमापं घट म्हणतात, मॉडेल वाढ म्हणतं. तिथलं पाणी अरुंद, वेगवान पूर्ववाही प्रवाहांनी हवेशीर राहतं, आणि एक अंशाच्या जाळीत ते प्रवाह मावतच नाहीत.

कल काढताना

पन्नास वर्षांची वार्षिक मालिका म्हणजे पन्नास स्वतंत्र आकडे नव्हेत. समुद्राची स्मरणशक्ती लांब असते. या वर्षीचा आकडा गेल्या वर्षीच्या आकड्याशी ०.६ ने जोडलेला असेल, तर ५० ला ०.४ ने गुणून १.६ ने भागा: साडेबारा. एवढेच स्वतंत्र आकडे धरून चुकीची मर्यादा काढा. ती जवळपास दुप्पट होते, आणि ‘ठळक’ वाटणारे बरेच कल शांत बसतात.

मॉडेलची अनेक रन्स असतील तर त्यांच्या सरासरीशी मोजमापाची तुलना करून थांबू नका. सरासरीत नैसर्गिक चढउतार पुसले जातात. खरा समुद्र मात्र एकच रन आहे, चढउतारांसकट. विचारायचं ते असं: मोजमापाचा कल या रन्सच्या पसाऱ्यात बसतो का? बसत असेल, तर अंतर असूनही ‘मॉडेल चुकलं’ म्हणता येत नाही. पसाऱ्याच्या बाहेर असेल, आणि वरच्या सगळ्या पायऱ्या करूनही बाहेरच राहिला, तर काहीतरी हाती लागलं आहे.

आणि टक्केवारी! जिथे दोन मायक्रोमोल आहेत तिथे एक कमी झाला की ‘ऑक्सिजन निम्म्याने घटला’ अशी बातमी होते. न्यूनतम पट्ट्यात टक्के वापरूच नका. तिथे २० किंवा ६० मायक्रोमोलच्या खालच्या पाण्याचं घनफळ मोजतात, पण तेही निरागस नाही. मॉडेलची सरासरीच पाच मायक्रोमोलने वर असेल तर २० ची पायरी भलत्याच ठिकाणी पडते. मी दोन्ही करते: एकदा मूळ मॉडेलवर घनफळ काढते, एकदा मॉडेलमधला फक्त बदल मोजलेल्या सरासरीवर चढवून. दोन उत्तरांची दिशा वेगळी निघाली तर तो आकडा लेखात जात नाही.

आता अरबी समुद्र

इथे आधी सरासरी चित्र तपासा, घट नंतर. साधारण १०० ते १५० मीटरपासून हजार-बाराशे मीटरपर्यंत पसरलेला हा पट्टा मॉडेलमध्ये त्या खोलीवर आहे का? दुसरी परीक्षा जास्त बोलकी. जीवांची सर्वाधिक वाढ होते ती पश्चिमेला, ओमान-सोमालियाच्या किनाऱ्याशी, पण ऑक्सिजन सर्वांत कमी सापडतो पूर्व आणि ईशान्य भागात, आपल्या बाजूला. हा सरकलेला नमुना ज्या मॉडेलला जमत नाही, त्याच्या इथल्या घटीवर मी विसंबत नाही, आकडा जुळला तरी. बऱ्याच जागतिक मॉडेलांत तर सर्वांत कमी ऑक्सिजन अरबी समुद्राऐवजी बंगालच्या उपसागरात जाऊन बसतो.

कारणं भूगोलात आहेत. पर्शियन आखात आणि लाल समुद्रातून खारट, जड, ऑक्सिजन घेतलेलं पाणी मधल्या खोलीवर येतं आणि पट्ट्याला थोडी हवा देतं. होर्मुझ आणि बाब-अल-मांदेब या सामुद्रधुन्या मात्र एका अंशाच्या, म्हणजे सुमारे ११० किलोमीटरच्या खणापेक्षा अरुंद. मॉडेलमध्ये त्या एक तर बंद असतात किंवा जुगाडाने उघडलेल्या. झुहेर लश्कर आणि सहकाऱ्यांच्या प्रादेशिक मॉडेलने दाखवलं की पर्शियन आखात तापलं की तिथून येणारं पाणी हलकं होतं, खोलवर पोचत नाही, आणि पट्टा तीव्र होतो. जागतिक मॉडेलमध्ये हा धागाच नसेल तर त्याच्याकडून ही घट मागायची कशी? म्हणून इथे क्षारतेचा उभा छेद ऑक्सिजनच्या शेजारी ठेवून बघावा. आखाताच्या पाण्याची खारट जीभ दिसत नसेल, तर पुढच्या निम्म्या प्रश्नांचं उत्तर तिथेच मिळालं.

किनाऱ्याची गोष्ट वेगळी. गोव्यात कांदोळीसमोर, तीस मीटरहून कमी खोलीत, १९९७ पासून मालिका-मोजमापं होत आली आहेत. पावसाळ्यात खालचं थंड, कमी ऑक्सिजनचं पाणी शेल्फवर (किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रतळावर) चढतं. वरून पावसाच्या आणि नद्यांच्या गोड्या पाण्याचं झाकण बसतं. सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत तळाचा ऑक्सिजन संपतो आणि कधी कधी हायड्रोजन सल्फाइडही सापडतो. एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि सहकाऱ्यांनी २००० साली याच शेल्फवरच्या नायट्रस ऑक्साइडच्या मोठ्या निर्मितीकडे जगाचं लक्ष वेधलं. ही मालिका हाती आली की ती लगेच जवळच्या सीएमआयपी खणाशी ताडून बघायचा मोह होतो. आवरा. तो खण एक तर जमीन असेल, नाहीतर शेल्फ, उतार आणि खोल समुद्र यांची एका आकड्यात झालेली खिचडी. कांदोळीसाठी काही किलोमीटरच्या जाळीचं प्रादेशिक मॉडेलच हवं. जागतिक मॉडेलला इथे फार तर एवढं विचारता येईल: शेल्फच्या बाहेर, शंभर-दोनशे मीटरवर, जे पाणी पुढे वर चढणार आहे त्यात ऑक्सिजन किती आहे, आणि तो बदलतोय का?

निकाल लिहिताना

आकड्यासोबत काळ, खोली, मोजमापांचा साठा आणि त्याची आवृत्ती, मॉडेलं आणि रन्सची संख्या, ड्रिफ्ट काढला की नाही, मॉडेल विरळ केलं की नाही, हे सगळं त्याच परिच्छेदात यावं. परिशिष्टात ढकललं की कुणी वाचत नाही. विरळ करण्याआधीचा आणि नंतरचा असे दोन्ही कल द्या. मतभेदातला किती भाग फक्त नजरेचा होता, ते त्या दोन आकड्यांतच दिसतं. मग उरलेलं अंतर विद्राव्यता आणि एओयूमध्ये वाटून दाखवा, आणि एओयूच्या वाट्यासमोर मॉडेलमधल्या पाण्याच्या वयाचा नकाशा ठेवा. वय वाढलं आणि ऑक्सिजनही घटला, तर दोष बहुधा प्रवाहांकडे जातो. वय तसंच राहून ऑक्सिजन घटला, तर प्लवकांची आणि कुजण्याची समीकरणं उघडून बसायची वेळ आली.